रणगाडा, पापड आणि चिकटपट्टी

धोतर नेसणारा माणूस आणि धोतराचा शौकीन माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिला सकाळी उठतो, नेसतो आणि कामाला लागतो. दुसरा आदल्या रात्रीपासून तयारी करतो, सकाळी तीनतीनदा सोडून पुन्हा नेसतो, आरशात पुढून-मागून न्याहाळतो, फोटो काढतो आणि मग दिवसभर दुसरं काहीही न करता ते सुटणार नाही एवढीच काळजी वाहतो. मी दुसऱ्या जातीचा.

आमची इंदुरी तळेगाव-चाकण रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी. एका अंगाला भंडारा डोंगर, जिथे तुकोबा चिंतनाला बसत. दुसऱ्या अंगाला सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी. आणि दोहोंच्या मधून चाकणच्या कारखान्यांकडे रांगेने निघालेले कंटेनर. गावात धोतरवाले अजून आहेत, पण सगळे पहिल्या जातीचे. माझे चुलते, तात्या, त्यातले अग्रणी. त्यांना मी एकदा विचारलं, "तात्या, तुम्ही या नेसण्याच्या पद्धतीला काय म्हणता?"

"कंच्या पद्धतीला?"

"ही तुम्ही नेसता ती."

"आरं, कापडं घालतो म्हंतो. दुसरं काय म्हनू?"

शौकिनाचं अशा उत्तराने समाधान होत नाही.

माझा शौक निवृत्तीनंतर सुरू झाला. पिंपरीच्या कारखान्यात उभी हयात पँटीत काढली. निवृत्त झालो आणि वर्षभरात एकेक पँट मला सोडून गेली. हुक लागेनात, चेन अर्ध्यावर थांबू लागली. शिंप्याने शेवटची पँट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "काका, आता हिच्यात सोडायला कापड उरलं नाही." त्या रात्री मला आपल्या संस्कृतीची प्रकर्षाने आठवण झाली. धोतराला माप नसतं. ते अठ्ठावीसच्या कमरेलाही बसतं आणि बेचाळीसच्याही, आणि कुणाला कळत नाही की मधल्या काळात काय घडलं. माझा परंपरेचा अभिमान असा कमरेपासून वर चढला.

तळेगाव-इंदुरी पट्ट्यात माझ्यासारखे बरेच निघाले. एक निवृत्त हेडमास्तर, एक वकील, एक औषधाच्या दुकानाचे मालक, आणि हिंजवडीत संगणकावर काम करणारा एक तरुण, ज्याला धोतरात 'ग्राउंडेड' वाटतं. आम्ही एकादशीला धोतर नेसून गढीवर जमायचं ठरवलं. मंडळाच्या नावावर अजून एकमत झालेलं नाही. पण मंडळाचं पहिलं काम जोरात सुरू झालं, ते म्हणजे दुसऱ्याच्या धोतराला नाव देणं.

सर्वांत आधी नाव मिळालं ते कडक खळीच्या धोतराला. वकीलसाहेब धोतराला इतकी खळ देतात की ते बसले की मोडल्याचा आवाज येतो. त्याला आम्ही 'पापड' म्हणतो. "आज पापड वाटतं?" असं विचारायचं आणि ते उभे असतील तर बसायचा आग्रह करायचा. औषधवाल्यांना शंभर काउंटच्या तलम सुताचा सोस. सूत जितकं बारीक तितका काउंट मोठा, आणि काउंट जितका मोठा तितकं अंग झाकायचं काम छोटं. सकाळच्या उन्हात ते गढीच्या दरवाज्यात उभे राहिले आणि सगळ्या मंडळींनी एकदम नदीकडे तोंड फिरवलं. त्या धोतराला 'काच' म्हणतात. हेडमास्तरांचं मांजरपाटाचं जाडं धोतर म्हणजे 'पोतं'. सोगा लांब सोडून रस्ता झाडत चालणारं ते 'खराटा'. दोन्ही पायांना आवळून नेसलेलं दुटांगी ते 'पैलवान', नेसणारा कसाही असो.

आणि मग आलं ते, ज्याच्यासाठी आमची जीभ जन्मभर वळवळत होती. बाजारात शिवलेलं धोतर मिळतं. निऱ्या आधीच शिवलेल्या, कमरेला नाडी किंवा वेलक्रो, वर खिसासुद्धा. हल्लीच्या लग्नांत नवरदेव हेच घालतात. आमच्यातला हिंजवडीचा तरुण पहिल्या एकादशीला ते घालून आला. ते ऐटदार होतं, चापूनचोपून बसलेलं होतं, आमच्या सर्वांच्यापेक्षा बरं दिसत होतं. अर्थातच आम्हाला ते सहन झालं नाही.

"हे काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"धोतर, सर."

"नेसलंयस की चढवलंयस?"

त्या दिवसापासून त्या प्रकाराला 'चिकटपट्टी' म्हणतात आणि आमच्या मंडळात याहून मोठी शिवी नाही. गंमत अशी की वेलक्रोचा जन्मही रानातलाच. स्वित्झर्लंडमधले जॉर्ज द मेस्त्राल नावाचे अभियंते 1941 मध्ये कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आले. कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या पँटीला चिकटलेली काटेरी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर त्यांना बारीक आकडे दिसले. त्या आकड्यांवरून त्यांनी पट्टी बनवली. तात्या रोज संध्याकाळी ओट्यावर बसून धोतराला चिकटलेली कुसळं शिव्या देत उपटत असतात. म्हणजे जे चिकटू नये म्हणून तात्यांची हयात गेली, तेच चिकटावं म्हणून आमचा तरुण साडेआठशे रुपये मोजून आला होता. तमिळनाडूत असल्या वेष्टीला 'ओट्टिक्को कट्टिक्को' म्हणतात. तिथेही शौकीन नाकं मुरडत असणारच, पण निदान ते नाव ऐकून घालणाऱ्याला नाचावंसं तरी वाटत असेल.

चिकटपट्टीचा न्याय पुढे नियतीनेच केला. तळेगावच्या एका मंगल कार्यालयात तो तरुण करवला म्हणून नवरदेवामागे उभा होता. मंगलाष्टकं संपत आलेली, मंडपात सगळे अक्षता धरून सावध. त्याने वाकून जमिनीवर पडलेला गुच्छ उचलला आणि 'खर्रर्र' असा आवाज झाला. भटजी थांबले. नवरी हसली. वेलक्रोचा गुण असा की ते सुटतं तेव्हा गुपचूप सुटत नाही. आधी वर्दी देतं. आमचं हातचं धोतर याबाबतीत फार सभ्य. ते एका शब्दाने न कळवता जातं.

हा सगळा शब्दसंग्रह घेऊन आम्ही छाती फुगवून हिंडत होतो, तेवढ्यात एडिंबराहून भाच्याचा फोन आला. त्याला एका स्कॉटिश मित्राच्या लग्नात किल्ट घालायची होती आणि तिथे त्याची गाठ किल्टच्या शौकिनांशी पडली होती.

"मामा, आपल्यासारखेच आहेत हे लोक. आठ वार जाड लोकरीच्या, पारंपरिक वजनदार किल्टला हे काय म्हणतात माहितेय? टँक!"

"पाण्याची?"

"नाही हो मामा, रणगाडा."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. सोळा औंसी लोकरीचं आठ वार कापड, मागच्या बाजूला हाताने टाचलेल्या निऱ्या, वारा सुटो की पाऊस पडो, जागचं हलत नाही. रणगाडा हे नाव त्याला शोभतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आपल्यासारखंच कमरेखालच्या वस्त्राची वर्गवारी करत बसलंय, या कल्पनेने मला इतकं भरून आलं की मी तडक मंडळाची तातडीची बैठक बोलावली. योगायोगाने तात्याही बैलांच्या कामासाठी त्या बाजूला आले होते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणल्यापासून तात्या उदास असत. 2023 मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला तेव्हापासून त्यांना शर्यतीचा घाट आणि बारी याशिवाय दुसरा विषय सुचत नाही.

"तात्या, तिकडं स्कॉटलंडात आठ वारांच्या नेसणाला रणगाडा म्हणतात."

"आठ वार?" तात्या म्हणाले. "म्हंजे तुझ्या काकीच्या लुगड्यापरीस येक वार कमी."

बैठकीत शांतता पसरली. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमचं धोतर साडेचार-पाच वारांचं. त्यांचा रणगाडा आठ वारांचा. आणि काकी नऊ वार नेसून गेली पन्नास वर्षं चिखलात भात लावतायत, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालतायत, आणि त्या लुगड्याला कुणी रणगाडा म्हटलेलं नाही. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, नऊ वार नेसून मी मंगळागौर जागवली, फुगड्या घातल्या. तुमचं पाच वार भाजी आणायला जाऊन येईपर्यंत टिकत नाही. तुमचं मंडळ बायकांना प्रवेश देत नाही ते बरंच आहे. नाहीतर अध्यक्षपद पहिल्याच दिवशी गेलं असतं."

मी विषय बदलला आणि किल्टचा सखोल अभ्यास सुरू केला. भाच्याने रोज एकेक माहिती पाठवायची, मी ती गढीवर वाचायची आणि तात्यांनी तिची वाट लावायची, असा क्रम पडला.

"किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे कातड्याची पिशवी लटकवतात. स्पोरन म्हणतात तिला."

"चंची," तात्या म्हणाले. "तंबाखू ठिवत असतील."

"मोज्यात छोटी सुरी खोचतात."

"मोज्यात? टोचत न्हाय व्हय? कनवटीला लावाय काय झालं?"

"किल्टला कनवटी नसते, तात्या. बाजूला कातडी पट्टे आणि बकलं असतात."

"बकलं?" हेडमास्तर ताडकन उठले. "म्हणजे शिवलेल्या निऱ्या आणि कमरेला पट्टा? अहो, मग हा तुमचा अस्सल रणगाडा आपल्या हिशेबाने चिकटपट्टीच की!"

हिंजवडीच्या तरुणाचा चेहरा प्रथमच उजळला. त्याने तिथल्या तिथे स्वतःच्या धोतराला 'रणगाडा' जाहीर केलं. यावरून जो वाद झाला त्यात मंडळ फुटलं. निऱ्या हाच धोतराचा आत्मा, असं मानणारे 'निरीवाले' आणि कासोटा हाच आत्मा, असं मानणारे 'कासोटेवाले'. महाराष्ट्रात दोन गटांवर संस्था चालत नाही, म्हणून वकीलसाहेबांनी दोघांना जोडणारा तिसरा गट काढला. त्यात ते एकटेच आहेत आणि सरचिटणीसही तेच.

भाच्याने पुढची माहिती पाठवली ती मूळ, थोरल्या किल्टची. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलँडचे लोक न शिवलेलं लांबलचक लोकरी कापड अंगाभोवती गुंडाळत आणि उरलेलं खांद्यावर टाकत. दिवसा कपडा, रात्री पांघरूण. ते नेसायची एक रीत अशी सांगतात की कापड जमिनीवर पसरायचं, त्याच्याखालून पट्टा घालायचा, निऱ्या पाडायच्या, मग त्यावर उताणं झोपायचं, दोन्ही बाजू पोटावर ओढून घ्यायच्या, पट्टा आवळायचा आणि उठायचं.

"झोपून नेसायचं?" तात्यांनी दोनदा विचारलं. "उठायच्या आधी निजायचं?"

हेडमास्तर प्रयोगशील. पुढच्या एकादशीला त्यांनी गढीतल्या कडजाईच्या देवळापासून जरा लांब, सावलीत आपलं पोतं पसरलं आणि पोटरीपर्यंतच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर त्यात झोपले. निऱ्या व्यवस्थित पडल्या, पट्टा बसला. फक्त उठता येईना. पट्टा आवळलेला, कंबर धरलेली, हात कापडात. आम्ही उचलायला वाकलो, तर आमची धोतरं सुटायला लागली, म्हणून आम्ही एका हाताने आपलं आणि एका हाताने त्यांना धरू लागलो. एवढ्यात देवीच्या दर्शनाला आलेल्या दोन बायांनी हे दृश्य पाहिलं.

"आगं बया, मास्तरांना फेपरं आलं!"

पुढच्या पाच मिनिटांत हेडमास्तरांच्या नाकाला कांदा, डोक्याला पाणी आणि तळपायाला राख लागली. "मी बरा आहे, मी किल्ट नेसतोय," असं ते ओरडत होते, त्यामुळे रोग मेंदूत गेल्याची गावाची खात्री पटली. त्यांचा एक जुना विद्यार्थी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आमाला भूगोल लई चांगला शिकिवला व्हता."

थोरल्या किल्टची पुढे धाकटी किल्ट झाली, म्हणजे वरचा खांद्यावरचा भाग गळाला. हा बदल अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंडाच्या भट्टीवाल्याने केला, अशी एक कथा आहे. त्याच्याकडे काम करणाऱ्या मजुरांना ते लांबलचक कापड भट्टीपाशी अडचणीचं होई. स्कॉटिश अभिमान्यांना ही कथा मुळीच आवडत नाही. आपल्या अस्सल वस्त्राला इंग्रजाची कात्री लागली हे कुणाला आवडेल? त्यानंतर 1746 च्या कायद्याने सरकारने हायलँडच्या पुरुषांना किल्ट घालायलाच बंदी केली. ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला आणि तिथे त्याने स्वतःच किल्ट घातली, खाली अंगाच्या रंगाचे तंग मोजे चढवून. म्हणजे बंदी घालणाऱ्यांच्याच घराण्यातला माणूस पुढे शौकीन झाला. तात्यांना हे सांगितलं.

"पोट सुटलं व्हतं का राजाचं?" त्यांनी विचारलं.

"चांगलंच, तात्या."

"मग त्याच्या पँटी बी व्हत नसत्याल," तात्या माझ्या कमरेकडे बघत म्हणाले.

आपल्याकडे धोतरावर कुणी बंदी घातली नाही. ते पँटीने, गाजावाजा न करता, हाकललं. मात्र चेन्नईत 2014 मध्ये एका क्लबाने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून दारात अडवलं, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून टाकला की वेष्टी नेसलेल्याला कुठल्याही क्लबाने अडवायचं नाही. हे ऐकून वकीलसाहेबांना स्फुरण चढलं. पण तळेगावात आम्हाला अडवणारा क्लबच नसल्यामुळे त्यांचा मसुदा पडून आहे.

आम्हाला अडवतं ते वेगळंच. तळेगाव-चाकण रस्त्यावर औषधवाले 'खराटा' सोडून स्कूटरवर चालले होते. सोगा मागच्या चाकात गेला. ते थांबले, तर मागचा कंटेनर थांबला, त्याच्या मागे सगळं चाकण थांबलं. कंटेनरवाला पंजाबचा, तो उतरला आणि चाक उलटं फिरवून इंच इंच धोतर बाहेर काढू लागला. "कितना लंबा है जी?" त्याने अर्ध्यात विचारलं. "नऊ हात," असं औषधवाल्यांनी स्कूटरला मिठी मारून, अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती 'काच' ऑइलमध्ये बुडून निघाल्यामुळे तिला 'गॉगल' असं नवं नाव मिळालं.

किल्टवाल्यांच्या बोलीतला एक शब्द आम्हाला फार आवडला होता. ज्या पुरुषी वस्त्राला दोन पायांसाठी दोन भाग नसतात, अशा सगळ्यांना मिळून ते इंग्रजी आद्याक्षरांनी 'मग' म्हणतात. किल्ट, लुंगी, सारोंग, सगळे त्यात. आम्हीही अर्ज करायच्या तयारीत होतो. पण कासोटा मारला की धोतराला दोन पाय होतात. म्हणजे आम्ही मगमध्ये बसत नाही. मंडळात दोन दिवस सुतक होतं. दुसरा शब्द 'रेजिमेंटल'. किल्टच्या आत काहीही न घालणं म्हणजे रेजिमेंटल जाणं. हा प्रश्न जगभर प्रत्येक किल्टवाल्याला विचारला जातो आणि त्याचा त्यांना वीट आला आहे. तात्यांनीही विचारला. मी उत्तर दिलं.

"म्हंजे लंगोट बी न्हाय?" तात्या हादरले. "आन तिथं बर्फ पडतो म्हंतोस?"

"हो."

"कशाला नावं ठिवायची मग त्यांना? लई धीराची मान्सं हायेत."

या फाल्गुनात तुकाराम बीजेला आम्ही सगळे धोतरं नेसून देहूला निघालो. सकाळी सहाला जमायचं होतं. पापडाला इस्त्री, पोत्याला पट्टा, गॉगलला साबण, चिकटपट्टीला नवी शिलाई, यात साडेसात झाले. तात्या ओट्यावर आले, फोनवर कुणाशी तरी शर्यतीच्या घोडीच्या भाड्याचं बोलत. फोन खांद्यात धरून, तोंडाने भाव पाडत, त्यांनी धुतलेलं धोतर झटकलं, कमरेला मारलं, निऱ्या घातल्या, खोचल्या, कासोटा मागे नेला. फोन संपायच्या आत धोतर संपलं होतं. आम्ही पाचजण तोंड उघडं टाकून बघत होतो.

"तात्या," हिंजवडीचा तरुण आदराने म्हणाला, "या पद्धतीला आम्ही काय नाव द्यावं?"

तात्यांनी त्याच्याकडे, मग आमच्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं.

"उशीर," ते म्हणाले आणि चालायला लागले.

तेव्हा मंडळी, कुणी तुम्हाला आपल्या वस्त्राची दहा नावं सांगू लागला तर बिनधास्त समजा की तो ते वर्षातून दहादाच नेसतो. रोज नेसणाऱ्याला एक नाव पुरतं, आणि घाईत असला तर तेही लागत नाही. आमच्या मंडळात यायचं असेल तर कुठल्याही एकादशीला गढीवर या. पापड, काच, पोतं, काहीही चालेल. चिकटपट्टी नेसून आलात तर हसू, पण घेऊ. मात्र धोतर कुठलंही असो, येताना चार सेफ्टी पिना जास्तीच्या आणा. आमच्याकडच्या संपल्या आहेत.